कोकणच्या हवेत जुने जपानी रेंजफाइंडर: कुठले घ्यायचे, कसे टिकवायचे, कसे वापरायचे

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की कुवेतला नोकरीला असलेल्या मामांचा यशिका इलेक्ट्रो ३५ ट्रंकेत सापडलाय, तो चालू होईल का, आणि त्याच्यासारखे अजून दोन-तीन जपानी रेंजफाइंडर (बघायची खिडकी लेन्सपासून वेगळी असलेले फिल्मचे कॅमेरे) स्वस्तात जमवायचे तर कुठले बघायचे, आणि गुहागरच्या पावसात हे सगळं टिकेल का. मी रत्नागिरीत राहतो, हे कॅमेरे बरीच वर्षं वापरतोय, उघडून साफ करतोय, त्यामुळे खारा वारा आणि बुरशी दोन्हीशी रोजचा संबंध आहे. उत्तर लांब होणार आहे, सवडीने वाचा.

आधी मुख्य गोष्ट सांगून टाकतो. आपल्या हवेत हे कॅमेरे टिकतात, पण वापरात असतील तरच. पन्नास वर्षांपूर्वीचं ग्रीस आहे आत, ते हललं नाही की घट्ट होतं, शटरच्या, म्हणजे उजेड आत सोडणाऱ्या झडपेच्या, पात्या चिकटतात, आणि लेन्स अंधारात दमट हवेत पडून राहिली की बुरशी धरते. म्हणून दहा कॅमेरे मांडून ठेवायचे असतील तर कोकण त्यासाठी वाईट जागा आहे. दोन किंवा फार तर तीन ठेवा, पण तिन्ही हातात फिरते ठेवा. पुढे मी जे जे सांगणार आहे, कुठला घ्या, कुठला नको, ते सगळं ह्याच हिशोबाने.

तुमच्या मामांसारखीच गोष्ट आपल्याकडे कितीतरी घरांत आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकात दापोली, चिपळूण, राजापूर भागातली माणसं कुवेत, मस्कत, दुबईला गेली आणि सुट्टीवर येताना टेपरेकॉर्डर, घड्याळ आणि कॅमेरा घेऊन आली. त्या कॅमेऱ्यांत यशिका भरपूर. त्यामुळे विकत घ्यायच्या आधी नातेवाइकांत विचारा, माळ्यावरच्या पेट्या बघा. मुंबईच्या चाकरमान्यांच्या घरांतसुद्धा असतात. घरातला कॅमेरा कसाही असला तरी त्याचा इतिहास तुम्हाला माहीत असतो, बाजारातल्या कॅमेऱ्याचा नसतो, हा फरक फार मोठा आहे.

आता मामांचा इलेक्ट्रो. मागचं झाकण लगेच उघडू नका! आधी डावीकडची रिवाइंडची कळ बाणाच्या दिशेने हलकेच फिरवून बघा, ताण लागला तर आत रोल आहे. असेल तर खालचं रिवाइंडचं बटण दाबून तो पूर्ण गुंडाळून घ्या आणि मगच उघडा. जुन्या रोलमधून काहीतरी निघू शकतं, विशेषतः ब्लॅक अँड व्हाइट असेल तर, आणि त्यावर तुमच्या आजी-आजोबांचे फोटो असतील तर त्याची किंमत कॅमेऱ्यापेक्षा जास्त आहे. असा रोल धुवायला देताना तो किती जुना आहे ते लॅबला नीट सांगून द्यायचा.

इलेक्ट्रो ३५ पहिल्यांदा आला १९६६ साली. ४५ मिमी एफ १.७ची यशिनॉन लेन्स (एफचा आकडा लहान तेवढा उजेड जास्त), कोपालचं इलेक्ट्रॉनिक शटर, आणि काम साधं, अपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक) तुम्ही ठरवायचं, शटर स्पीड (शटर किती वेळ उघडं राहतं) कॅमेरा ठरवणार, ३० सेकंदांपासून १/५०० पर्यंत. त्या काळात ३० सेकंदांचं एक्स्पोजर स्वतः मोजून देणारा घरगुती कॅमेरा ही मोठीच गोष्ट होती. पुढे १९७० ला जीएस आला, १९७३ ला जीएसएन, त्यात हॉट शू, म्हणजे फ्लॅश थेट बसवायची वरची खाच, आला, बाकी अंगकाठी तीच. काळ्या रंगातला जीएसएन म्हणजेच जीटीएन. आपल्याकडे जास्त करून जीएसएन दिसतो, तुमचाही बहुतेक तोच असेल, वर नाव लिहिलेलं असतं ते बघा.

ह्याला सेल लागतो, नसेल तर शटर पडतं पण नुसतं १/५०० वर. मूळचा सेल ५.६ व्होल्टचा पाऱ्याचा होता, तो आता बनत नाही. त्याच्या जागी ६ व्होल्टचा ४एलआर४४ मिळतो, आकाराने लहान असतो, म्हणून पुठ्ठ्याची नळी करायची आणि उरलेल्या जागेत स्प्रिंग किंवा फॉइलची घट्ट गोळी घालायची. व्होल्टेजचा एवढासा फरक इलेक्ट्रोला चालतो, मीटर (उजेड मोजणारा भाग) बिघडत नाही. सेल घालण्याआधी खोबणीत डोकवा, हिरवट-पांढरा थर असेल तर जुना सेल गळलाय. इअरबडवर थोडं व्हिनेगर घेऊन पुसा, मग स्पिरिटने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. मागच्या बाजूला सेल तपासायचं छोटं बटण आहे, दाबलं की दिवा लागला पाहिजे. मग शटरचं बटण अर्धं दाबा, अंधारात पिवळा बाण लागेल म्हणजे स्पीड फार कमी होतोय, भर उजेडात लाल लागेल म्हणजे उजेड जास्त आहे. बाण ज्या दिशेला दाखवतोय त्या दिशेला अपर्चरची रिंग फिरवायची, दिवा विझला की फोटो काढायचा, एवढंच. हे एवढं सोपं आहे म्हणूनच मी नवीन माणसाला पहिला कॅमेरा म्हणून इलेक्ट्रो देतो.

पण इलेक्ट्रोचा एक जुना आजार आहे, तो तपासा. आत एक छोटी रबरी गादी असते, ती वयाने चुरा होते. रोल पुढे नेणारा लिव्हर ओढताना शेवटाकडे आतून ‘टक्’ असा स्पष्ट आवाज आला तर गादी शाबूत आहे. आवाज नसेल तर ती गेली, आणि मग शटरची वेळ आणि दिवे दोन्ही भरवशाचे राहत नाहीत. नीट हात असलेला मेकॅनिक वरचं कव्हर काढून ती बदलून देतो, पण ‘नुसता आवाज नाही, बाकी मस्त आहे’ असं म्हणून कोणी विकत असेल तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलायचं.

रेंजफाइंडर म्हणजे काय ते एकदा समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. एसएलआरमध्ये आपण लेन्समधूनच बघतो, इथे तसं नाही, बघायची खिडकी वेगळी आहे. समोरच्या दोन खिडक्यांतून दोन प्रतिमा येतात, मधल्या पिवळसर चौकोनात एकावर एक दिसतात, लेन्सची रिंग फिरवली की त्यातली एक सरकते आणि दोन्ही जुळल्या की फोकस झाला. लेन्सचं झाकण काढायचं राहिलं तरी व्ह्यूफाइंडरमध्ये सगळं स्वच्छ दिसतं, म्हणून झाकण लावूच नका, त्याऐवजी यूव्ही फिल्टर कायमचा लावून ठेवा. समुद्रावर तर तो हवाच, तुषारातलं मीठ फिल्टरवर बसतं, लेन्सवर नाही. इलेक्ट्रोचा फिल्टर ५५ मिमीचा, तो कुठेही मिळतो.

आता हे जुळणं बरोबर आहे का ते तपासायला आपण किनाऱ्यावरचे लोक नशीबवान आहोत. स्वच्छ दिवशी समुद्रावर उभं राहायचं आणि लेन्स अनंतावर (सगळ्यात लांबच्या खुणेवर) ठेवून क्षितिजाची रेघ बघायची. चौकोनातली रेघ बाहेरच्या रेघेला सलग मिळाली पाहिजे, वरखाली तुटली तर उभं अलाइनमेंट गेलंय. मग लांबचं दीपगृह नाहीतर नांगरलेल्या बोटीची डोलकाठी धरा, अनंताच्या खुणेवर दोन काठ्यांची एक झाली पाहिजे, एकाला एक लागून दोन दिसत असतील तर आडवं गेलंय. शेवटी घरी येऊन टेपने एक मीटर मोजा आणि जवळचंही बघा. ह्यातला थोडाफार फरक आतले स्क्रू फिरवून जातो, पण स्क्रू नेमका कुठला ते प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळं, त्यामुळे माहिती काढल्याशिवाय स्क्रूड्रायव्हर लावू नका. आणि चौकोन फिका पडला असेल तर आतला अर्धपारदर्शक आरसा ओल्या कपड्याने पुसायचा मोह टाळा!! त्यावरचा मुलामा अतिशय नाजूक असतो, एका पुसण्यात निघून जातो आणि मग चौकोन कायमचा गेला. बाहेरच्या खिडकीच्या काचेवर बरोबर मध्यभागी काळ्या टेपचा इवलासा तुकडा लावून बघा, मधला भाग गडद होतो आणि दुसरी प्रतिमा उठून दिसते. दिसायला विचित्र वाटेल पण काम होतं.

इलेक्ट्रोच्या पुढे काय घ्यायचं? माझं मत स्पष्ट आहे, दुसरा कॅमेरा असा घ्या जो सेल नसतानाही सगळ्या स्पीडवर चालतो. आपल्याकडे पावसाळ्यात इलेक्ट्रॉनिक सर्किट आणि संपर्काचे पत्रे कधी रुसतील सांगता येत नाही, पूर्ण यांत्रिक शटर असेल तर मीटर मेलं तरी कॅमेरा जिवंत राहतो. त्यात सगळ्यात नावाजलेला कॅनोनेट क्यूएल१७ जी थ्री, १९७२ चा, ४० मिमी एफ १.७, खिशात नाही पण छोट्या पिशवीत मावतो. शटर तुम्ही ठरवायचं, अपर्चर तो ठरवतो, आणि ऑटोवरून काढलं की सगळं हाताने. रोल भरणं सोपं, क्यूएल म्हणजे क्विक लोडच. पण नाव झालंय त्यामुळे किंमतही चढलीय आणि नावासाठी दिलेला पैसा मला पटत नाही.

मला स्वतःला जास्त आवडतो तो ऑलिंपस ३५ आरसी. १९७० चा, ४२ मिमी एफ २.८, लेन्स थोडी संथ पण अतिशय धारदार, आणि कॅमेरा एवढा लहान की सायकलवर, होडीत, बाजारात कुठेही अंगावर राहतो. अंगावर राहतो म्हणून वापरला जातो, आणि वापरला जातो म्हणून टिकतो. त्याच कंपनीचा ३५ एसपी, १९६९ चा, ४२ मिमी एफ १.७, त्यात स्पॉट मीटर (चौकटीतल्या छोट्याशा भागाचाच उजेड मोजणारं) आहे, जे त्या काळच्या ह्या वर्गातल्या कॅमेऱ्यांत दुर्मीळ. पांढऱ्या वाळूवर काळी होडी असेल तेव्हा स्पॉट मीटरचं महत्त्व कळतं. चांगला मिळाला तर सोडू नका, फक्त तोही आता महाग होत चाललाय.

पैसे कमी आणि हात मोठे असतील तर मिनोल्टा हाय-मॅटिक ७एस बघा, १९६६ चा, ४५ मिमी एफ १.८, जड आणि रुंद, त्यामुळे लोक घेत नाहीत आणि म्हणून स्वस्तात मिळतो. ऑटोवर चालतो, पूर्ण हातानेही चालतो. ह्याच हाय-मॅटिक घराण्यातला पहिला कॅमेरा अमेरिकेत अँस्को ऑटोसेट नावाने विकला जायचा, आणि १९६२ साली जॉन ग्लेन पृथ्वीप्रदक्षिणेला गेला तेव्हा तोच त्याच्याबरोबर होता. कोनिका ऑटो एस२ सुद्धा ह्याच वजनगटातला, लेन्स सुंदर. कोनिका सी३५ छोटा आणि गोड आहे पण त्यात हाताने काही ठरवता येत नाही, त्यामुळे सेल आणि मीटर धड असेल तरच घ्या. ऑलिंपस ट्रिप ३५ लोक रेंजफाइंडर म्हणून विकतात, तो रेंजफाइंडर नाही, त्यात अंतर अंदाजाने लावायचं असतं. कॅमेरा चांगला आहे, फक्त काय घेतोय ते माहीत असू दे.

कॅनन पी, कॅनन ७, निकॉन एस२ हे लेन्स बदलता येणारे रेंजफाइंडर मी मुद्दाम बाजूला ठेवतोय. सुंदर यंत्रं आहेत, पण कॅमेरा वेगळा, लेन्स वेगळी, दोन्हीचा खर्च वेगळा, स्वस्तातला छंद उरत नाही.

खरेदी कुठे करायची तर मुंबईत चोरबाजारची मटण स्ट्रीट, शुक्रवारी सकाळी जरा जास्तच भरतो, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार. तिथे किंमत माणूस बघून सांगतात, तेव्हा आधी पाच मिनिटं कॅमेरा हातात घेऊन तपासा आणि मग बोला. मागचं झाकण उघडा, अपर्चर पूर्ण उघडून बी वर (दाबून ठेवाल तोवर शटर उघडं) बटण दाबून धरा (इलेक्ट्रो असेल तर खिशात सेल घेऊन जा) आणि मोबाइलचा टॉर्च मागून मारून समोरून लेन्समध्ये तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी, दुधाळ थर म्हणजे हेझ, थोडी धूळ काही बिघडवत नाही. मग स्पीड कमी करत करत शटर मारून बघा, १/१५ आणि १/३० मधला फरक कानाला कळला पाहिजे. शटरच्या पात्यांवर तेलाची चकाकी दिसली तर समजा आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात कधीतरी चिकटणार. झाकणाच्या खोबणीतला काळा फोम बोटाला डांबरासारखा चिकटत असेल तर घाबरू नका, ते सगळ्यांचंच होतं, स्पिरिटने खरवडून काढून काळी मखमल किंवा लोकर चिकटवली की झालं, तासाभराचं काम.

जपानहून थेट मागवता येतं, तिकडचे विक्रेते वर्णन बऱ्यापैकी प्रामाणिक लिहितात, ‘जंक’ लिहिलं असेल तर खरंच जंक समजा. कस्टम ड्यूटी आणि कुरिअर मिळून किंमत कुठल्या कुठे जाते, तो हिशोब आधी करा. आणि जपानहून आलाय म्हणजे बुरशी नसणार असं समजू नका, तिकडेही जून-जुलैत पावसाळा असतो. कुठूनही घ्या, जेवढे पैसे कॅमेऱ्याला द्याल साधारण तेवढेच सर्व्हिसिंगसाठी बाजूला ठेवा, हा माझा नियम आहे आणि तो मी मोडत नाही.

सेलबद्दल अजून एक. कॅनोनेट, ऑलिंपस, मिनोल्टा ह्यांना पीएक्स६२५ नावाचा १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागायचा. पाऱ्याचे सेल बंद झाले, अमेरिकेत १९९६ च्या कायद्याने, आणि पुढे जगभर २०१३ च्या मिनामाटा कराराने. मिनामाटा हे जपानचंच किनाऱ्यावरचं गाव, कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा खाडीत गेला, माशांत गेला आणि मासे खाणाऱ्या माणसांच्या मज्जासंस्थेवर बसला. आपण मासे खाणारी माणसं, तेव्हा जुना पाऱ्याचा सेल कॅमेऱ्यात सापडला तर तो गटारात किंवा परसात टाकू नका, डबीत बंद करून ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. त्याऐवजी कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल चालतो, १.४ व्होल्ट, मूळच्या अगदी जवळ, भोवती रबरी रिंग घालायची. तो हवेवर चालतो आणि स्टिकर काढल्यापासून काही आठवड्यांत संपतो, आपल्या दमट हवेत आणखी लवकर. साधा एलआर४४ घातला तर व्होल्टेज जास्त पडतं आणि बऱ्याच कॅमेऱ्यांचं मीटर उजेड जास्त आहे असं समजतं, फोटो काळपट येतात. मोबाइलवर लाइट मीटरचं ॲप घ्या, एकाच भिंतीवर दोन्ही रीडिंग बघा आणि जेवढा फरक येईल तेवढं आयएसओ (फिल्मची उजेडाची संवेदनशीलता) कमी लावा, रोल ४०० चा असेल तर २०० किंवा २५०. निगेटिव्ह फिल्मला उजेड थोडा जास्त झालेला चालतो, कमी झालेला नाही.

आता बुरशी, जी तुमची खरी काळजी आहे. हवेतला दमटपणा ६० टक्क्यांच्या वर सतत राहिला की बुरशीला रान मोकळं होतं, आणि जून ते सप्टेंबर आपल्याकडे ८०-९० म्हणजे रोजचंच. बुरशीचे बीजाणू सगळीकडे असतात, ते थांबवता येत नाहीत, फक्त त्यांना रुजू द्यायचं नाही. एकदा धागे पसरले की त्यातून आम्ल सुटतं आणि लेन्सवरचं कोटिंग, पुढे काचसुद्धा कोरली जाते, मग साफ करूनही डाग राहतो. त्यामुळे सुरुवातीलाच पकडा.

सगळ्यात पहिलं म्हणजे कॅमेऱ्याचं मूळचं चामडी कव्हर काढून वेगळं ठेवा. दिसायला छान असतं पण चामडं आणि आतलं मखमली अस्तर ओल धरून ठेवतं, कॅमेऱ्याला बुरशी लागायचं सगळ्यात मोठं कारण तेच. ट्रंकेतला तुमचा कॅमेरा कव्हरात असेल तर आजच बाहेर काढा.

पूर्वी स्टुडिओवाले कपाटात १५ वॉटचा पिवळा बल्ब रात्रंदिवस जळत ठेवायचे, त्या उबेने हवा कोरडी राहायची. युक्ती चांगली होती, पण आता एलईडी लावला तर उपयोग शून्य, तो तापतच नाही. पैसे असतील तर इलेक्ट्रॉनिक ड्राय कॅबिनेट घ्या, नसतील तर रबरी कडेचा घट्ट झाकणाचा पारदर्शक प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा डिजिटल हायग्रोमीटर (दमटपणा मोजणारा), एवढ्याने काम भागतं. आकडा ४० ते ५० च्या मध्ये ठेवा. फार खाली नेऊ नका, हवा अगदी कोरडी झाली तर आतलं ग्रीस आणि चामडं सुकतं. सिलिका जेल निळ्याचं गुलाबी झालं की ओलं झालं, जुन्या तव्यावर मंद आचेवर परतलं की परत निळं होतं. पण हा तवा स्वयंपाकाला परत वापरायचा नाही, त्या निळ्या रंगात कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते पोटात जाणं वाईट. तांदळात कॅमेरा ठेवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, तांदळाची पूड आत जाते.

आपल्याकडे पावसाच्या आधी आगोट भरतात, मिरची-मसाला, सुकी मासळी, लाकूडफाटा, त्यातच हे काम धरा. मेच्या शेवटी सगळे कॅमेरे बाहेर काढायचे, पुसायचे, सिलिका तापवून घ्यायची, वापरात नसेल त्या कॅमेऱ्यातला सेल काढायचा. मग पावसाळाभर आठवड्यातून एकदा प्रत्येक कॅमेरा हातात घेऊन सगळ्या स्पीडवर आठ-दहा वेळा शटर मारायचं, फोकसची रिंग ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायची. उघडीप पडली की कॅमेरा अर्धा तास कोवळ्या उन्हात ठेवा. ही पाच मिनिटांची सवय कुठल्याही महागड्या कपाटापेक्षा जास्त कामाची आहे, हे मी अगदी मनापासून सांगतो.

समुद्रावरून आलात की कोरड्या मऊ ब्रशने वाळू झटका, मग अगदी किंचित ओल्या कपड्याने पूर्ण बॉडी पुसा आणि लगेच कोरड्याने. मीठ राहिलं की क्रोमखालचं पितळ हिरवं पडतं, आणि रिंगेत गेलेला वाळूचा एक कण कायम करकरत राहतो. लेन्सच्या पुढच्या काचेच्या आतल्या बाजूला बुरशी सुरू झाली असेल तर हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनियाचं मिश्रण वापरतात, पण ते जाणकाराकडूनच करून घ्या. आणि शटर चिकटलं म्हणून समोरून लायटर फ्लुइड ओतायचं काम कधी करू नका, जुनं तेल विरघळून परत पात्यांवर आणि काचेवरच पसरतं.

वापरायचं कसं? आपला उजेड फार कडक आहे आणि ह्या कॅमेऱ्यांचं शटर १/५०० ला संपतं, ही गोष्ट रोल निवडताना लक्षात ठेवा. भर उन्हात एफ १६ ला शटर स्पीड फिल्मच्या आयएसओएवढा हा जुना नियम, म्हणजे ४०० च्या रोलला एफ १६ ला साधारण १/५००. पण वाळू आणि पाण्याची चकाकी त्यात अजून एक स्टॉप (उजेडाची दुप्पट) घालते, तिथे लाल दिवा लागतो आणि पुढे जायला जागाच नसते. म्हणून ऑक्टोबर ते मे किनाऱ्यावर १०० किंवा २०० चा रोल घाला, कोडॅक गोल्ड २०० किंवा कलरप्लस. २०० ला एफ ११ आणि १/५००, फोकस ३ मीटरवर लावून ठेवा, ४५ मिमीच्या लेन्सला साधारण २ ते ६ मीटरपर्यंत सगळं स्पष्ट येतं. हर्णैला संध्याकाळी मासळीच्या लिलावात फोकस जुळवत बसायला कोणी वेळ देत नाही, उजेड उतरत जाईल तसं एफ ८ ला या, आणि असं अंतर आधीच लावलं असेल तर कॅमेरा डोळ्याला लावला की फोटो. पावसात आणि माडाच्या, सुपारीच्या दाट सावलीत मात्र ४०० च घाला.

ब्लॅक अँड व्हाइट आपल्याकडे विशेष खुलतं, जांभ्याच्या भिंती, ओली खपरेलं, आषाढातलं आभाळ. इलफर्ड एचपी५ किंवा केंटमियर ४००, आणि ढग उठून दिसायला पिवळा फिल्टर. फिल्टर लावताना एक बघा, कॅनोनेट आणि आरसीमध्ये मीटरचा डोळा फिल्टरच्या रिंगेच्या आतच आहे, त्यामुळे तो आपोआप भरून काढतो. इलेक्ट्रोचा डोळा वर बॉडीवर आहे, त्याला फिल्टर दिसतच नाही, म्हणून आयएसओ स्वतः एक स्टॉप कमी लावा.

ह्या कॅमेऱ्यांचं शटर लेन्सच्या आत असतं, आरसा नसतो, त्यामुळे आवाज जवळजवळ नाही. जत्रेतल्या दशावताराला रात्री पहिल्या रांगेत बसून काढले तरी कोणाचं लक्ष जात नाही, एफ १.७, १/३०, एचपी५ १६०० ला पुश केलेला (१६०० चा समजून काढायचा आणि जास्त वेळ धुवायचा), हाताचं कोपर गुडघ्यावर टेकवायचं. आणखी एक फायदा, फ्लॅश कुठल्याही स्पीडला चालतो. शिमग्यात भर दुपारी पालखी नाचवणाऱ्यांच्या चेहऱ्यावर टोपीची, फेट्याची काळी सावली पडते, तिथे छोटा फ्लॅश १/५०० ला मारला की चेहरा उजळतो आणि मागचं आभाळ निळंच राहतं. साध्या एसएलआरला १/६० किंवा १/१२५ च्या वर हे जमत नाही. इलेक्ट्रोत मात्र फ्लॅशवर ठेवलं की तो १/३० धरतो, म्हणून ह्या कामाला कॅनोनेट, आरसी किंवा ७एस.

खर्चाचं खरं सांगायचं तर कॅमेरा एकदाच घ्यायचा असतो, रोल सतत. रोल, धुणं, स्कॅन धरून कलरची एक फ्रेम तीस-चाळीस रुपयांना पडते. आपल्या भागात कलर धुणाऱ्या लॅब उरल्या नाहीत, मुंबई-पुण्याला कुरिअर करावं लागतं, आणि त्यात एक काळजी घ्या, काढलेला रोल दमट हवेत महिनोन्महिने पडू देऊ नका, रंग उतरतात. दोन-तीन जमले की हवाबंद डबीत सिलिकाची पुडी घालून लगेच पाठवा. न वापरलेले रोल फ्रीजमध्ये ठेवा, पण बाहेर काढल्यावर डबी दोन-तीन तास उघडू नका, नाहीतर गार फिल्मवर दव धरतं.

ब्लॅक अँड व्हाइट घरी धुवायला शिका, खर्च एकदम खाली येतो आणि मजा वेगळीच. आपली अडचण एकच, पुस्तकात सगळे वेळ २० अंशांचे दिलेले असतात आणि आपलं नळाचं काय, विहिरीचं पाणीही त्याच्या जवळपास नसतं. मोठ्या टोपात बर्फाचं पाणी घेऊन त्यात डेव्हलपरची (फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या रसायनाची) बाटली उभी करा आणि २४ अंशांना थांबा, त्या तापमानाचा वेळ फिल्मच्या तक्त्यात मिळतो, थोडा कमी असतो. फिक्सर (ते चित्र पक्कं करणारं रसायन) आणि धुवायचं पाणीही त्याच्याच आसपास ठेवा. जुलैत फिल्म वाळायला रात्र जाते, पंख्याखाली लावू नका, धूळ चिकटते, न्हाणीघरात दार लावून टांगा आणि पूर्ण सुकल्याशिवाय गुंडाळू नका. कापलेल्या पट्ट्या बटर पेपरच्या पाकिटांत घालून कॅमेऱ्यांच्याच डब्यात ठेवा, बुरशीला निगेटिव्हवरचं जिलेटिन लेन्सपेक्षा जास्त आवडतं.